गुपचुप तोंडात मावते का?

माझी सगळी हयात लोकांना "आ करा" म्हणण्यात गेली. बापाचं, मास्तरचं, बायकोचं न ऐकणारे पुरुष माझ्या खुर्चीत मुकाट आ करून बसायचे. पण तेवढ्यानं हुरळून जायचं कारण नव्हतं. आ केलेल्या तोंडातूनसुद्धा माणूस धडधडीत खोटं बोलू शकतो, हे मला नागपूरनं शिकवलं.

"खर्रा खाता?"

"छे हो म्याडम! कधीच नाही."

"मग दातात अडकलेलं हे काय आहे?"

"ते होय? ते लग्नात गेलो होतो न, तिथं कोणी दिलं तं नाही कसं म्हणावं?"

माझ्या खुर्चीत बसलेल्या माणसांवर विश्वास ठेवायचा तर नागपुरात बारा महिने, तेरा काळ लग्नसराई असते.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालायचा आणि पानठेल्याच्या फळीवर घसाघसा घोटायचा, की झाला खर्रा. आमच्याकडे कुणी घरी आलं की आधी पाणी, मग चहा, आणि बाहेर ओट्यावर आलं की पन्नी पुढे करतात. न घेणाऱ्याकडे "काहून गा, तब्येत बरी नाही का?" अशा काळजीनं पाहतात. खर्रा गालात दाबून दाबून आतली कातडी ताठ होते, तोंड उघडेनासं होतं आणि कधी तिथंच पांढरा चट्टा उठतो. तो चट्टा पुढे काय रूप घेईल, हे पाहण्याचंच माझं काम होतं. शहरातल्या एका दंत रुग्णालयात मी तोंडाच्या आजारांची डॉक्टर होते. रुग्णालयाचं नाव सांगत नाही, कारण तिथल्या कँटीनमागेही पन्नी घोटली जायची.

आमच्या पुस्तकात लिहिलंय, की रोग्याची तीन बोटं एकावर एक धरून तोंडात जायला हवीत. पण नागपूरचा माणूस हुशार. तो बोटं तिरपी घालायचा, आत नुसती टोकं टेकवायचा आणि वर "जाते न!" म्हणायचा. म्हणून मी माझी परीक्षा काढली. मी विचारायची, "गुपचुप तोंडात मावते का?" तुमच्याकडे तिला पाणीपुरी म्हणतात. यावर पुरुष गप्प व्हायचा आणि सोबत आलेली बायको बोलायला लागायची. "कुठची मावते बाई! फोडून खाते. पाणी वेगळं पिते." शिबिरांना तर मी गुपचुपवालाच सोबत न्यायची. वरिष्ठांनी याला 'अशास्त्रीय' म्हटलं. म्हणोत बापडे. ज्याच्या तोंडात गुपचुप जात नाही तो शंभर लोकांसमोर उघडा पडतो, हे कुठलं शास्त्र करून दाखवतं?

निवृत्तीच्या जरा आधी आमच्याकडे एक संशोधन प्रकल्प आला. तोंडाचा आणि घशाचा कर्करोग कुणाला होतो, कुणाला नाही, यात जनुकांचा आणि विषाणूचा हात किती, हे पाहायचं होतं. रोग्यांचं आणि धडधाकट माणसांचं रक्त घ्यायचं, तोंडातून बोळा फिरवायचा आणि सगळं प्रयोगशाळेत पाठवायचं. काम चांगलं होतं. घोळ केला तो एका बातमीनं. मथळा होता, 'तोंडाच्या कर्करोगाला केवळ तंबाखू जबाबदार नाही!'

झालं! पुढच्या सोमवारी माझ्या दारात ही गर्दी, आणि सगळ्यांचे चेहरे कसे, कोर्टातून निर्दोष सुटल्यासारखे. आमच्या फाटकासमोरच्या पानठेल्यावर ते कात्रण लॅमिनेट करून देवाच्या फोटोशेजारी लागलं होतं.

मी घसा फोडून समजावत होते. म्हटलं, बाबांनो, शरीरात आलेलं विष मोडून बाहेर टाकायची एक व्यवस्था असते. ती कुणाची चपळ, कुणाची सुस्त, हे जन्माआधीच ठरतं. याला म्हणतात जनुकीय फरक. कुणाच्या गल्लीत कचरागाडी रोज येते, कुणाच्या गल्लीत कधीमधी, तसं समजा. पण तुम्ही रोज दारात ट्रकभर कचरा ओताल तर रोजची गाडी तरी काय करणार? लोक माना डोलवायचे, आणि जाताना विचारायचे, "मग आमच्या गल्लीत रोज येते का ते पाहून सांगा न."

त्या गर्दीतच प्रभाकरराव आले. उमरेडच्या गाडीवर कंडक्टर. डाव्या गालात पांढरा चट्टा, तोंड जेमतेम दोन बोटं उघडत होतं. सोबत बायको, शालूबाई. तिनं खर्ऱ्याला कधी हात लावला नव्हता. हात लावायचा तो नवऱ्याच्या खिशातली पन्नी काढून चुलीत टाकायला.

"चट्ट्याचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल," मी म्हटलं.

"तुकडा-बिकडा मंग. आधी माहे जनुक पाहून घ्या," प्रभाकरराव म्हणाले. "माहा आजा नव्वदीचा होऊन मेला. मरेपर्यंत तंबाखू तोंडात. आमचं खानदानच तसं हाय. जनुक चांगले निघाले तं मले एक लिहून द्या."

"काय लिहून देऊ?"

"हेच, का बुवा, हा माणूस खर्रा खाऊ शकते."

मी चष्मा काढून ठेवला. चष्मा काढला की मी चिडले, हे आमच्या सगळ्या स्टाफला ठाऊक होतं. "तुमच्या आजोबांच्या वेळी पन्नी होती का?"

"नाही. ते पानासंगं खाये."

"त्यांना भाऊ किती?"

"एकच. तो लवकर गेला."

"कशानं?"

"तोंडालेच काहीतरी झालं होतं म्हणते. पन तो वेगळा. तो भल्ला चिडका होता."

शालूबाईनं कपाळावर हात मारला. "पाहा बाई! वाचला तो खानदानी अन् मेला तो चिडका! तुम्ही यायची जीभच कापा. गालही बरा होईन अन् मलेही शांतता भेटन."

प्रभाकररावांनी रक्त दिलं, पण तुकडा काही काढू दिला नाही. जनुकाचा रिपोर्ट आला की मग पाहू. या संशोधनात एकेकट्या माणसाला रिपोर्ट देत नसतात, हे मी दहादा सांगितलं. पण 'आधी रिपोर्ट, मग इलाज' हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. ते दर काही दिवसांनी यायचे, सोबत शालूबाई यायची, दोघं भांडायची, मी ओरडायची आणि चट्टा तिथंच.

अशाच एका खेपेला शालूबाईनं बाटलीतून पाणी प्यायलं, आणि गिळताना मान एका बाजूला वळवली. नेहमीची ओळख नसती तर माझ्या लक्षातही आलं नसतं.

"घसा दुखतो का गं?"

"घसा नाही जी, कान दुखते. इकडचाच. लइ दिवस झाले. मेडिकलवाल्यानं थेंब देल्ले."

मी तिचा पदर बाजूला केला. जबड्याखाली सुपारीएवढी गाठ होती. घट्ट, न दुखणारी. मग बॅटरी घेतली आणि तिला आ करायला लावलं. तिचं तोंड कसं छान उघडलं! दोन गुपचुप गेल्या असत्या. आणि मागे, टॉन्सिलच्या जागी, जे दिसायला नको तेच दिसलं.

प्रभाकरराव मागून विचारत होते, "माहा रिपोर्ट आला का मग?"

तिचा तुकडा तपासला, मोठ्या रुग्णालयात पुढच्या तपासण्या झाल्या आणि निदान पक्कं झालं. घशाचा कर्करोग, आणि तो विषाणूमुळे झालेला. त्यातल्या त्यात चांगली गोष्ट ही, की या जातीचा रोग इलाजाला बरी दाद देतो. फक्त इलाज वेळेवर सुरू व्हायला हवा. हे सांगायला मी नवरा-बायकोला बोलावलं होतं. सोबत न बोलावता तिचे भासरे, म्हणजे मोठे दीर, वासुदेवरावही आले. त्यांच्या मोहल्ल्यात कुणाची भिंत किती सरकली, कुणाच्या पोरीनं कुणाशी लग्न केलं, याचे निवाडे ते करायचे. ते आत आले तशी शालूबाईनं डोक्यावर पदर घेतला.

"विषाणू म्हणजे कसा?" वासुदेवरावांनी विचारलं. "हवेतून आला?"

"नाही."

"पाण्यातून?"

"नाही. हा बहुतेक करून स्त्री-पुरुषांच्या जवळिकीतून येतो. कितीतरी माणसांना कधी ना कधी होऊन जातो आणि त्यांना कळतही नाही. बहुतेकांचं शरीर त्याला हाकलून लावतं, एखाद्याचं लावत नाही. मग वर्षानुवर्षं दबा धरून बसतो. कधी आला आणि कुणाकडून आला, हे सांगणारी तपासणी जगात नाही."

मी एवढं बोलले. वासुदेवरावांनी त्यातलं 'जवळीक' एवढंच ऐकलं. ते नवरा-बायकोकडे आळीपाळीनं पाहू लागले, आणि मग फक्त बायकोकडे.

शालूबाई माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "बाई, मी तं इथं नागपुरात नंदनवनले बहिणीकडं जाते, तेवढीच. बाकी मी कुठं गेलीच नाही."

इतकी वर्षं या धंद्यात काढली, पण त्या वाक्यानं मला जितकं दुखलं तितकं कशानं दुखलं नाही. तिला कर्करोग झाला होता आणि ती आपण कुठं-कुठं गेलो याचा हिशेब देत होती. मी वासुदेवरावांना सरळ बाहेर जायला सांगितलं. ते गेले, पण बाहेर बाकावर बसून मोबाईलमध्ये विषाणूचं नाव टाकून वाचू लागले. जेवढं वाचून मन कलुषित होईल तेवढं वाचलं आणि मोबाईल खिशात टाकला.

मग उमरेडच्या घरी बैठक ठरली. आधी खुलासा, मग इलाज. खुलासा होईपर्यंत शालूबाईनं माहेरी राहावं असंही निघालं. किरणोपचाराची तारीख ठरली होती, ती गेली. प्रभाकरराव एकटेच मला सांगायला आले तेव्हा मी चष्मा काढला, टेबलावर आपटला आणि त्याची एक काडी मोडली.

"अहो, गाठ वाढते आहे तिकडे! तुमच्या बैठकीसाठी ती थांबणार आहे का?"

ते खाली मान घालून बसले. मग म्हणाले, "बाई, खरं सांगा. माह्याकडून गेला असन का?"

"असू शकतो. तुम्हीच सांगा."

"लग्नाच्या आधी..." एवढंच बोलले. "बाहेरगावी मुक्काम राहे न, तवा..." आणि पुढचं गिळून टाकलं. मी विचारलं नाही. मला गाठीशी काम होतं.

त्यानंतर बैठकीत काय झालं, ते मला शालूबाईनं सांगितलं. संतापानं लाल होऊन सांगितलं. पाच-सहा मोठी माणसं बसली होती, वासुदेवराव मध्ये. प्रभाकरराव उभे राहिले आणि म्हणाले, "ते विषाणू-फिषाणू चुकीचं निघालं. मशीनमध्ये घोळ झाला होता. खर्ऱ्यानं झालं. ती खात होती. मीच तिले चारत होतो."

आणि सांगते, बैठक तिथल्या तिथं संपली! "हात्तिच्या, खर्रा होय!" म्हणून सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. खर्ऱ्यानं मरणं आमच्याकडे इज्जतीचं. कुणी कुणाला तोंड लपवायला लावत नाही. वासुदेवराव म्हणाले, "मग आधी काहून नाही सांगतलं गा? जा, घेऊन जा तिले दवाखान्यात." आणि आलेला ताण घालवायला खिशातून पन्नी काढली आणि ती सगळ्यांत फिरली.

"मले खर्रा खाणारी केलं बाई यायनं!" शालूबाई म्हणाली. "जिंदगीभर ज्याच्या नावानं बोंब मारली, तोच माह्या तोंडात घातला!"

"पण इलाज सुरू झाला ना?"

"झाला न," ती म्हणाली, आणि रडायला लागली. "म्हणून तं काही बोलता नाही येत."

आयुष्यभर मी 'कर्करोग खर्ऱ्यानं होतो' असं ओरडत आले आणि कुणी ऐकलं नाही. ज्या एका केसमध्ये तो खर्ऱ्यानं झाला नव्हता, तिथं मात्र सगळ्या मोहल्ल्यानं एका वाक्यात मानलं. यावर हसावं की कपाळ बडवावं, तुम्हीच ठरवा.

इलाज कठीण गेला. तोंड कोरडं पडलं, चव गेली, पातळ भातसुद्धा घशाखाली उतरेना. प्रभाकररावांनी रजा काढली. सकाळ-संध्याकाळ पेज करायचे आणि चमच्यानं पाजायचे. "यायच्या हातची पेज खाण्यापरीस कॅन्सर बरा," असं ती मला खुणेनं सांगायची. त्यावरून मी ओळखलं, ही वाचते.

आणि ती वाचली. गाठ गेली, घसा साफ झाला. पण मधल्या काळात प्रभाकररावांची पंचाईत झाली. ते पानठेल्यावर गेले की पानठेलेवालाच ओरडायचा, "काय गा प्रभाकर, बायकोले चारून चारून दवाखान्यात पोचवलं, अन् तरी आला? लाज नाही वाटत?" गाडीतल्या बायका तिकीट घेता घेता बोल लावायच्या. मित्र पन्नी पुढे करेनात. स्वतः खायचे, यांना देत नव्हते. आपल्याच तोंडानं सांगितलेलं खोटं, त्यावर बोलायची सोय नाही. त्यांचा खर्रा सुटला तो असा. मी इतकी वर्षं भाषणं दिली, पोस्टरं लावली, सडक्या जबड्यांचे फोटो दाखवले. एवढ्यानं जे झालं नाही ते एका थापेनं केलं.

एक दिवस ते खुर्चीत येऊन बसले आणि म्हणाले, "तुकडा काढून घ्या. जनुकाचं जाऊ द्या." चट्ट्यातल्या पेशी बिघडायला लागल्या होत्या. वेळेत काढून टाकला. थोडं थांबले असते तर दोघांना मिळून पेज पाजायला तिसरं माणूस लागलं असतं.

मग आला तो कार्यक्रम. उमरेडच्या त्यांच्या मोहल्ल्यातल्या मंडळानं 'तंबाखूमुक्त मोहल्ला' असा मेळावा ठेवला. अध्यक्ष कोण? वासुदेवराव. मला पाहुणी म्हणून बोलावलं, आणि मी माझा गुपचुपवाला सोबत नेला. आणि आपबिती सांगायला कोण? शालूबाई. 'खर्ऱ्याच्या विळख्यातून सुटलेली भगिनी' असं फलकावर मोठ्या अक्षरांत. फलक पाहून मला घाम फुटला. प्रभाकरराव शेवटच्या रांगेत खुर्चीच्या कडेवर बसले होते.

वासुदेवराव तंबाखूच्या दुष्परिणामांवर बरंच बोलले. मधे मधे शब्द नीट उमटत नव्हते, कारण गालात होतं. मग शालूबाई उठली. डोक्यावर पदर होता. माईकसमोर उभी राहिली आणि तिनं पदर मागे केला. गळ्यावरचा, किरणांनी काळवंडलेला डाग सगळ्यांना दिसला.

"मी खर्रा कधीच खाल्ला नाही," ती म्हणाली.

मांडवात कुजबुज झाली.

"माह्या मालकानं माह्यासाठी खोटं सांगतलं. तेवढ्यानं मले इलाज भेटला, म्हणून मी चूप राहिली. मले विषाणूनं झालं. कुठून आला, मले माहीत नाही, डॉक्टरबाईले माहीत नाही. देवाले असन तं असन. पन एक मले माहीत हाय. माह्या गळ्यावर गाठ होती तवा घर माणसायनं भरलं होतं. कोणी नाही पाहिली. अन् गाठ हाय म्हणून सांगतलं, तं दुखते का म्हणून कोणी नाही इचारलं. सगळ्यायनं इचारलं, कुठून आली."

एवढं बोलून ती थांबली. मागच्या रांगेत प्रभाकररावांनी रुमालात तोंड घातलं होतं. मी पाहुणी होते, पण मला बसवेना. मी उठून तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. माझेही डोळे भरले होते आणि चष्मा मी आधीच काढला होता.

मग शालूबाई म्हणाली, "आता बाईनं गुपचुप आणल्या हायेत. सगळ्यायनं रांगेनं तोंड दाखवा. आधी अध्यक्ष."

वासुदेवरावांना उठावं लागलं. एवढ्या लोकांसमोर नाही कसं म्हणणार? गुपचुपवाल्यानं द्रोण पुढे केला. त्यांनी एक गुपचुप उचलली, ओठांपाशी नेली, मान वर केली, खाली केली, तिरपी करून पाहिली. गुपचुप दातांवर फुटली आणि पाणी पांढऱ्या सदऱ्यावर सांडलं. पोरंटोरं हसायला लागली. मी बॅटरी लावली. जेवढं तोंड उघडत होतं तेवढ्यातूनही दिसलं. दोन्ही गाल पांढरे, आणि उजवीकडे एक जखम, बऱ्याच दिवसांची असावी.

माझा चेहरा पाहून मांडवातलं हसू थांबलं. वासुदेवराव माझ्याकडे पाहत होते. इतक्या लोकांच्या पंचायती केलेला माणूस, पण आता ओल्या सदऱ्यावरून नुसता हात फिरवत होता.

शालूबाईनं पुन्हा डोक्यावर पदर घेतला. आपल्या हातातला रुमाल त्यांच्यापुढे धरला.

"सदरा पुसून घ्या भाऊजी," ती म्हणाली. "कुठून आलं, ते मी नाही इचारत. दुखते का?"